केकवर चमकते ते सारे खाण्याजोगे असते का?

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की घणसोली गावातल्या अरुंद गल्ल्यांतून संध्याकाळी भाजल्या जाणाऱ्या लोण्या-साखरेचा वास येऊ लागतो. हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गावठाण. आता मात्र एकाच जिन्यावर गावातले जुने घर, केरळहून आलेले कुटुंब आणि घाटावरून नोकरीसाठी आलेले बिऱ्हाड असे सगळे नांदतात. दिवाळीत करंज्या-चकल्यांचे ताट एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि नाताळात तेच ताट केकचे तुकडे घेऊन परत येते. गेल्या काही वर्षांत तर ख्रिस्ती नसलेल्या घरांतही मुलांच्या हट्टापायी नाताळचा केक होऊ लागला आहे. बेदाणे, काजू, अक्रोड दोन स्थानके पुढे तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून येतात. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढली जाते, तळाशी मिठाचा थर पसरला जातो आणि त्यावर केकचे भांडे चढते.

कामाची वाटणीही ठरलेली असते. आजी बेदाणे निवडते, आई साखर जाळून कॅरॅमल करते, बाबा मैदा चाळतात. गॅसजवळ मुलांना कोणी फिरकू देत नाही. केक निवला की मात्र तो मुलांच्या ताब्यात जातो. पांढरे आयसिंग, लाल-हिरवे रंग, सोनेरी पूड, चंदेरी गोळ्या, पाने, फुले, लुकलुकणारा सांताक्लॉज. आता धोका टळला, असे समजून मोठी माणसे निवांत होतात. प्रत्यक्षात केकमधल्या सर्वांत कमी तपासलेल्या वस्तू याच टप्प्यावर बाहेर निघतात.

‘नॉन-टॉक्सिक’ म्हणजे खाद्य नव्हे

केक चमकवण्यासाठी जी पूड वापरतात तिला बाजारात लस्टर डस्ट म्हणतात. सोनेरी, रुपेरी, गुलाबी-सोनेरी अशा छटांच्या या डब्या केकच्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतात. त्यांतल्या काही खरोखर खाण्यासाठी बनवलेल्या असतात. काही मात्र फक्त शोभेसाठी, म्हणजे खाण्यापूर्वी काढून टाकायच्या नकली फुलांवर लावण्यासाठी असतात. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच, आणि दुसरीवर अनेकदा ‘नॉन-टॉक्सिक’ असे छापलेले असते. घोटाळा होतो तो इथेच.

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये एका वाढदिवसाचा केक खाऊन १ ते ११ वर्षांची सहा मुले आजारी पडली. काहींना अर्ध्या तासातच उलट्या सुरू झाल्या. तपासात कळले, की केकवरची गुलाबी-सोनेरी झळाळी म्हणजे तांब्याची बारीक भुकटी होती. पुढच्या वर्षी मिसुरी राज्यात एक वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले आणि त्याचा माग वाढदिवसाच्या केकवरील सजावटीच्या पुडीपर्यंत पोहोचला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ही दोन्ही प्रकरणे २०२१ मध्ये प्रसिद्ध केली.

तांबे शरीराला लागते, पण अगदी थोडे. ते एकदम जास्त पोटात गेले की जठराच्या अस्तराची आग होते आणि उलट्या-जुलाब सुरू होतात. हा त्रास निदान लगेच दिसतो तरी. शिशाचे तसे नाही. ते मुकाट्याने साठते आणि वाढत्या मेंदूवर परिणाम करते. लहान मुलांसाठी शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डबीवर काय पाहायचे, हे एकदा कळले की निवड अवघड नाही. खाण्याच्या पुडीवर घटकांची यादी असते, शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा मांसाहाराचे तपकिरी चिन्ह असते आणि ‘एफएसएसएआय’चा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. ‘फक्त सजावटीसाठी’, ‘नॉन-टॉक्सिक’, ‘खाण्यापूर्वी काढावे’ एवढेच लिहिले असेल आणि घटकांची यादी नसेल, तर ती डबी शुभेच्छापत्रे रंगवायला ठेवावी. सुटी पुडी बांधून मिळत असेल तर ती घेऊच नये.

रंग किती आणि कोणते?

पुडीनंतर क्रमांक लागतो रंगांचा. आपल्याकडे खाद्यपदार्थांत मोजकेच कृत्रिम रंग चालतात आणि त्यांची मर्यादा सर्वसाधारणपणे एक किलो पदार्थात १०० मिलिग्रॅम एवढी असते. हे प्रमाण चिमटीने मोजता येत नाही. ‘अजून थोडा लाल हवा’ म्हणत घरी तीनदा थेंब टाकले की मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. बेकऱ्यांतही हे घडते. कर्नाटकच्या अन्नसुरक्षा विभागाने २०२४ मध्ये तपासलेल्या केकच्या २३५ नमुन्यांपैकी १२ नमुन्यांत कृत्रिम रंग प्रमाणाबाहेर सापडले. त्याच वर्षी तामिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’ विकण्यावर बंदी घातली, कारण त्यात कापड रंगवण्याचा रोडामाइन-बी हा रंग सापडला होता. हा रंग खाण्यासाठी मुळीच चालत नाही.

परवानगी असलेल्या रंगांबद्दलही शास्त्रज्ञांचा विचार थांबलेला नाही. साउदम्प्टन विद्यापीठाच्या २००७ मधील अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण घेतलेल्या मुलांमध्ये चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. परिणाम मोठा नव्हता आणि सर्व मुलांत सारखाही नव्हता. तरीही युरोपीय संघाने २०१० पासून अशा सहा रंगांच्या वेष्टनांवर सूचना छापणे बंधनकारक केले.

केकवरच्या लालचुटुक चेरीची गोष्ट तर आपल्या मातीतलीच आहे. बेकरीतली ती चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते असते बिया काढून पाकात मुरवलेले आणि रंगवलेले करवंद. तुटी-फ्रुटी म्हणजे कच्च्या पपईचे पाकवलेले तुकडे. करवंदात वा पपईत वाईट काहीच नाही, प्रश्न त्यांच्या रंगाचा आहे. चेरीसाठी पूर्वापार वापरला जाणारा एरिथ्रोसिन हा रंग अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतून वगळण्याचा निर्णय घेतला आणि उत्पादकांना २०२७ पर्यंत मुदत दिली. मोठ्या मात्रेत तो दिलेल्या नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी आढळल्या होत्या. माणसात तसे घडल्याचा पुरावा नाही. त्यामुळे वर्षाकाठी दोन चेऱ्या खाल्ल्याने घाबरून जायचे कारण नाही. पण मुलांना बरणीतून मूठभर चेऱ्या देण्याचेही कारण नाही.

मसाल्याच्या डब्यातली प्रयोगशाळा

रंगाशिवाय सण कसला, हे मुलांचे म्हणणेही खरे. त्याला उत्तर कोकणच्या स्वयंपाकघरातच आहे. पिठीसाखरेत चमचाभर गोड कोकम सरबताचा अर्क घातला की सुरेख गुलाबी आयसिंग होते. बिटाच्या रसाने गडद गुलाबी, हळदीच्या चिमटीने पिवळे, पालकाच्या गाळलेल्या रसाने हिरवे. रस थेंबाथेंबाने घालावा, नाहीतर आयसिंग पातळ होते.

इथे मुलांना एक छोटा प्रयोगही करता येतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. आंबटपणा असेपर्यंत तो लाल राहतो, खाण्याचा सोडा लागला की निळसर-करडा पडतो. हळदीचे उलट. सोडा वा चुना लागला की ती लाल होते. घरोघरी हळदीपासून कुंकू बनवण्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. म्हणूनच हे रंग सोडा घातलेल्या पिठात न मिसळता वरच्या आयसिंगमध्ये वापरावेत. बिटाचा रंग तर ओव्हनच्या उष्णतेतही टिकत नाही, तपकिरी होतो. दोन वाट्या, चिमूटभर सोडा आणि अर्धे लिंबू एवढ्या साहित्यात मुलांना रंगांचे रहस्य कळते आणि बाजारी बाटलीची आठवणही राहत नाही.

कुंपणावरची पाने नकोत

परदेशी चित्रांत केकवर हॉलीची हिरवी पाने आणि लाल फळे असतात. आपल्याकडे हॉली मिळत नाही, म्हणून मुले खाली जाऊन दिसेल ती चकचकीत पाने-फुले तोडून आणतात. सोसायट्यांच्या कुंपणाला आणि रस्त्यांच्या दुभाजकांत सर्रास दिसणारे झुडूप म्हणजे कण्हेर. तिचे पान, फूल, देठ, चीक सारेच विषारी. तिच्यातली द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिचे बीही तसेच घातक. केरळमध्ये २०२४ मध्ये एका तरुणीच्या मृत्यूनंतर तिने कण्हेरीचे पान चघळल्याचा संशय व्यक्त झाला. त्यापाठोपाठ त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या मंदिरांत नैवेद्य-प्रसादासाठी कण्हेरीचा वापर थांबवला. देवाला चालणारे फूल ताटात चालतेच असे नाही, हा धडा केकलाही लागू आहे.

डिसेंबरात कुंड्यांतून विकले जाणारे लाल पानांचे पॉइन्सेटिया कण्हेरीइतके घातक नाही. तरी त्याचा पांढरा चीक तोंडाला आणि कातडीला खाजवतो, तेव्हा तेही कुंडीतच बरे. केकवर पान हवेच असेल तर घरचा, स्वच्छ धुतलेला पुदिना आहे. सोबतीला डाळिंबाचे दाणे ठेवले की लाल-हिरवा नाताळ सजला.

बोटाला लागलेले पीठ

भांड्याला लागलेले पीठ बोटाने चाटणे हा मुलांचा हक्कच समजला जातो. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची लागण होऊ शकते, हे आता बऱ्याच घरांत ठाऊक आहे. मैदाही कच्चाच असतो, हे मात्र लक्षात येत नाही. गहू शेतातून येतो आणि दळल्याने त्यातले जंतू मरत नाहीत. अमेरिकेत २०१६ मध्ये पिठातून आणि २०२१ मध्ये केकच्या तयार मिश्रणातून ई. कोलायची साथ पसरली होती. अंडे नसलेले पीठही म्हणूनच चाटू नये. नीट भाजल्यावर ही भीती उरत नाही. केकच्या मध्यभागी घातलेली सुरी कोरडी बाहेर आली पाहिजे.

अंड्याचा पांढरा बलक फेटून केलेले आयसिंग मात्र भाजले जात नाही. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असतील तर पिठीसाखर, लिंबाचा रस आणि पाणी यांचे साधे आयसिंग करावे. तेही तितकेच छान गोठते.

मुरवलेल्या फळांबाबतही एक गैरसमज आहे. केक भाजताना रममधले सगळे मद्य उडून जाते, असे मानतात. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार तासभर भाजल्यावरही सुमारे २५ टक्के मद्य उरते, आणि भाजल्यानंतर केकवर शिंपडलेली रम तर जवळपास सगळीच उरते. मुलांसाठी फळे संत्र्याच्या रसात भिजवावीत. फक्त ती महिनाभर बाहेर ठेवू नयेत. रम फळे टिकवते, रस टिकवत नाही. रसातली फळे फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत वापरून टाकावीत.

लुकलुकणारा सांता

दिवे लागणाऱ्या सजावटीत आणि गाणे म्हणणाऱ्या मेणबत्तीत बटणाएवढा सेल असतो. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मुलाने असा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठावे. केक कापून झाला की हे खेळणे मुलांच्या हाती न देता मोठ्यांनी उचलून ठेवावे. फेसाळ ‘स्नो’चा फवाराही पेटत्या मेणबत्तीजवळ उडवू नये, त्यातला वायू पेट घेऊ शकतो.

सजवण्यापूर्वी एवढे पाहा

• पूड, गोळ्या, रंग : घटकांची यादी आणि परवाना क्रमांक आहे का?
• पाने-फुले : रोजच्या जेवणात वापरतो तीच आहेत ना?
• आयसिंग : कच्च्या अंड्याविना, पातळ थरात. एक वाटी पिठीसाखर म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास निव्वळ साखर. मोठ्यांनीही दिवसभरात वरून घेतलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.
• काड्या, तारा, सेल : सजावटीत किती लावले ते मोजावे आणि कापण्यापूर्वी तेवढेच काढले का ते पाहावे.

यातल्या कशानेही सणाची मजा उणी होत नाही. उलट डबीवरची बारीक अक्षरे वाचण्याचे काम मुलांकडेच दिले तर ती ते डोळ्यांत तेल घालून करतात. मग गुलाबी आयसिंगचा आणि डाळिंबाच्या दाण्यांचा तो केक शेजारच्या दारात जाईल, तेव्हा ‘हा रंग कशाचा?’ या प्रश्नाला घरातले सर्वांत लहान मूल छाती पुढे काढून सांगेल, ‘कोकमाचा!’