मोटारीच्या डिकीतील नादपेटी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांसह मोटार घेऊन धुळ्याहून जळगावी आमच्या दारी येऊन उभा राहिला. त्याचे वडील ह्याच मोटारीतून धुळे-जळगाव अशी भाड्याची उतारू-वाहतूक करतात. घरात दुसरी मिळकत नाही. मुलाने आयटीआयमध्ये शिकत असता सुटीत कामे करून पैसे साठविले, 12 इंची सबवूफर विकत घेतला आणि त्याची पेटी स्वतःच्या हाताने बांधून डिकीत बसविली. आवाज मात्र मनासारखा येईना. "सर, ढोल वाजतोय असे वाटतच नाही; डबा बडवल्यासारखे होते," अशी त्याची तक्रार होती. दुकानदाराने सांगितले की, ह्याहून मोठा ॲम्प्लिफायर घ्या. वडिलांनी तर बजावून ठेवले होते की, आणखी एक रुपया ह्यापायी गेला तर पेटी उकिरड्यावर जाईल.

आम्ही पदार्थविज्ञान शिकवितो, सुतारकी नव्हे. परंतु पेटी मोजून पाहता दोष निघाला तो सुतारकीत नव्हता. आमच्याच वर्गात शिकविलेल्या घनफळाच्या गणितात निघाला. तेव्हा ही हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगावी असे वाटले.

प्रथम प्रश्न असा की, स्पीकरला पेटी हवीच कशाला? स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते व त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. उन्हाळ्यात हातपंखा अगदी सावकाश हलवून पाहा. हवा पुढे न जाता कडेने वळसा घालून मागे येते व तोंडास वारा लागत नाही. तोच पंखा झपाट्याने हलविला की वारा येतो. बारीक, उंच स्वर म्हणजे झपाट्याचा पंखा. खर्जाचा स्वर म्हणजे सावकाश हलणारा. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजविल्यास गायकाचा आवाज ऐकू येतो, पण ढोल नाहीसा होतो. कारण पुढचा दाब व मागची विरळता कडेवरच एकमेकांस भेटून नष्ट होतात. त्यांची भेट होऊ न देणे हे पेटीचे पहिले काम.

दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. बंद पेटीतील हवा ही एक स्प्रिंग होय. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून धरून दांडा लोटला तर तो परत उसळतो, तसाच प्रकार. पंपात हवा थोडी असेल तर उसळी कडक, पुष्कळ असेल तर मऊ. पडदा किती मोकळेपणाने हलेल हे पेटीतील हवेच्या घनफळावर ठरते. अमेरिकेत 1954 साली एडगर व्हिलचर ह्यांनी ह्याच हवेच्या स्प्रिंगवर आपला प्रसिद्ध बंद स्पीकर उभारला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील व रिचर्ड स्मॉल ह्यांनी ह्या सर्व गोष्टींस गणिताचे रूप दिले. म्हणूनच आज सबवूफरसोबत मिळणाऱ्या कागदावर काही अंक छापलेले असतात. लोक तो कागद खोक्याबरोबर फेकून देतात. आमच्या विद्यार्थ्याने तो जपून ठेवला होता, ही त्याची शाबासकी.

त्या कागदावर स्पीकरची स्वाभाविक कंपनसंख्या सेकंदास 28 होती, आणि त्याच्या पडद्याच्या लवचिकतेशी तुल्य असे हवेचे घनफळ 70 लिटर. पेटी 45 × 35 × 22 सें.मी. करावी असे त्याने ठरविले. गुणाकार करा: 34,650 घन सें.मी., म्हणजे साधारण 34.6 लिटर. हे त्याने बरोबर काढले. पण ही मापे आतली धरून हिशेब केला आणि फळ्या कापताना तीच बाहेरची धरली! प्लायवूड 18 मि.मी. जाडीचे, समोरासमोरच्या दोन फळ्यांचे मिळून प्रत्येक मापातून 3.6 सें.मी. गेले. आत उरले 41.4 × 31.4 × 18.4, म्हणजे 23.9 लिटर. दहा लिटरांहून अधिक हवा लाकडाने गिळली होती.

ह्याचा परिणाम किती? 70 ला पेटीतील हवेच्या लिटरांनी भागावे, त्यात 1 मिळवावा, वर्गमूळ काढावे व त्याने 28 ला गुणावे. स्पीकरचा मागचा लोहचुंबक व आतील आडव्या पट्ट्या ह्यांसाठी 3 लिटर वजा धरले, तर ठरविलेल्या पेटीत कंपनसंख्या सुमारे 50 येते, चुकलेल्या पेटीत 58. अंकांत फरक लहान दिसतो. कानास मात्र तो ढोल व डबा ह्यांतला फरक आहे. पेटी आखूड झाली की खालचे स्वर लवकर गळतात आणि त्यांच्या वरचा एक पट्टा फुगून गुणगुणू लागतो. मोठ्या ॲम्प्लिफायरने हा दोष जात नाही, मोठा मात्र होतो.

नवी पेटी करण्यास पैसे नव्हते. आम्ही मुलास विचारले, लांबी-रुंदी तशीच ठेवून खोली किती वाढवावी? त्याने तेथेच ओट्यावर खडूने भागाकार मांडला: 34,650 भागिले 1,300. उत्तर 26.6 सें.मी.; म्हणजे सुमारे 8 सें.मी. अधिक. मागची फळी सोडवून उरलेल्या तुकड्यांची 8 सें.मी. रुंदीची चौकट मध्ये बसविली, सांध्यांत फेविकॉल भरले, स्क्रू आवळले, आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉन फिरविले. फट राहिली की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. पडदा दोन्ही तळव्यांनी हळूच आत दाबून सोडावा. सावकाश परतला तर पेटी बंद, झटकन परतला तर कोठे तरी गळती. आमची पहिल्या खेपेस गळली, ती तार बाहेर काढण्याच्या भोकातून.

आत खानदेशचा कापूस भरावा काय, असे वडिलांनी थट्टेने विचारले. प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नाही; मऊ भर घातल्यास पेटी किंचित मोठी असल्यासारखी वागते. परंतु कापूस ओल धरतो व दबून तळाशी बसतो. उशीतील कृत्रिम धाग्याची भर बरी.

येथे कोणी म्हणेल, एवढीशी पेटी खर्ज तो काय देणार? सेकंदास 40 कंपनांच्या ध्वनीची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. मोटारीचा आतला भाग त्याच्या निम्माही नाही. म्हणून तेथे लहरी धावत नाहीत; सगळी हवाच एकदम दाबली जाते व सैल होते, आणि जितका स्वर खाली तितकी ही मदत अधिक. दिवाणखान्यात जी पेटी दुबळी ठरेल तीच मोटारीत भरदार वाजते. ज्या पेटीला भोक व नळी ठेवलेली असते ती माठाच्या तोंडावर फुंकल्यासारखी एका ठराविक स्वरास साथ देते. आवाज मोठा मिळतो, पण मापांत चूक तिला अधिक भोवते. नवशिक्याने बंद पेटीच करावी असे आमचे मत आहे.

तारेविषयी मात्र आम्ही त्यास रागे भरलो. 500 वॉटचा ॲम्प्लिफायर 12 व्होल्टवर 40 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत गेलेली त्याची तार पत्र्याच्या भोकातून तशीच ओढलेली होती व फ्यूज होता डिकीत. वाटेत तार घासून पत्र्यास टेकली तर तो फ्यूज काय राखणार? फ्यूज बॅटरीपाशी, वीतभर अंतरावर हवा, आणि भोकास रबरी कडे हवे. हे दोन्ही करवून घेतल्यावाचून आम्ही पेटी वाजवू दिली नाही. पेटी चार बोल्टांनी जखडली तीही त्याच वेळी. जोराचा ब्रेक लागल्यास मोकळी जड पेटी जागेवर राहत नाही.

शेवटी वडिलांनी आपला प्रश्न काढला. "मास्तर, पोरगा तासभर ऐकेल. मी दिवसभर गाडीत असतो. माझ्या कानांचे काय?" प्रश्न रास्त होता. कारखान्यांसाठी अमेरिकेच्या आरोग्य-संशोधन संस्थेने सुचविलेली मर्यादा 85 डेसिबल, 8 तास. दर 3 डेसिबलांस वेळ निम्मा. जाऊन-येऊन चार तास धरले तर 88. 100 डेसिबलांस केवळ पाव तास. करमणुकीच्या श्रवणास जागतिक आरोग्य संघटनेचे माप ह्याहून कडक आहे: 80 डेसिबल, आठवड्यास 40 तास. खर्ज कानास कमी जाणवतो, म्हणून माणूस तो वाढवीतच जातो, ही ह्यातली खोच. आम्ही शाळेचे आवाज मोजण्याचे यंत्र चालकाच्या कानाशी धरून बटण फिरवीत गेलो, आणि 80 वर काटा आला तेथे बटणाच्या कडेस पांढऱ्या रंगाची खूण केली. मुलगा थोडा हिरमुसला. मग वडिलांनी त्याला पुढे बसविले, गाणे लावले, आणि दोन गल्ल्या फिरून आले.

"आता ढोल वाटतो," वडीलच म्हणाले. डिकी उघडून त्यांनी उतारूंच्या दोन पिशव्या पेटीशेजारी ठेवून पाहिल्या. 8 सें.मी. वाढूनही त्या बसल्या.