दोन पाण्यांच्या मुलखात बुटके सिक्लिड

जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांची पश्चिम सरहद्द सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेली असल्यामुळे आहुपे, भीमाशंकर, घाटघर ह्या बाजूस पाऊस अनावर कोसळतो, आणि माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ह्या जलाशयांत साठणारे ते पाणी काळ्या कातळावरून त्वरेने वाहून आलेले असल्याने त्यात क्षारांचा अंश अल्प असतो. उलट पूर्वेकडे, नारायणगाव, बेल्हे, मंचर ह्या बागायती पट्ट्यात विहिरींचे व बोअरचे पाणी खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरून चुना व मॅग्नेशियम अंगी घेऊन वर येते, आणि ऊस, कांदा, टोमॅटो ह्यांना घातलेल्या खतांतील नायट्रेट त्यात उतरण्याचा संभवही असतो. काचेच्या टाकीत मासे पाळू इच्छिणाऱ्या गृहस्थाने दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या घरी ह्यांपैकी कोणते पाणी येते ह्याची चौकशी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण बुटक्या सिक्लिडांच्या बाबतीत मासा पाहून पाणी बदलण्यापेक्षा पाणी पाहून मासा निवडणे हेच श्रेयस्कर होय.

सिक्लिड हे मत्स्यकुल आफ्रिका, मादागास्कर, मध्य व दक्षिण अमेरिका आणि दक्षिण भारत व श्रीलंका एवढ्या दूरदूरच्या प्रदेशांत विखुरलेले असून, गोव्याच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर हाही त्याच कुलातला आहे. ह्या कुलातील थोरले मासे टाकीतली झाडे उपटतात आणि सोबत्यांना जगू देत नाहीत; परंतु ज्यांची लांबी सामान्यतः दहा सेंटिमीटरांच्या आतच राहते ते बुटके सिक्लिड तितके आक्रमक नसतात, आणि तरीही आईबापांनी अंड्यांवर पहारा देणे, पिलांचा थवा सांभाळून हिंडवणे हे कुळाचे सारे गुण त्यांच्यात शाबूत असतात. दुकानांत ‘रॅम’ ह्या नावाने विकला जाणारा मासा व्हेनेझुएला आणि कोलंबिया येथील ओरिनोको नदीच्या सखल गवताळ प्रदेशातला. त्याला मृदू पाणी आणि २७ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता लागते, म्हणून तो धरणाचे पाणी नळाने येणाऱ्या घरांना शोभतो, आणि जुन्नरच्या हिवाळी रात्रींसाठी हीटरची तजवीज त्याच्याबरोबरच करावी लागते. बोअरचे मध्यम जड पाणी असेल तर पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस, किंवा अपिस्टोग्रामा वंशातील काकाकुवासारखा तुरा मिरवणारी सोशीक जात, ह्यांची निवड करावी. पाणी फारच जड असल्यास आषाढातले पागोळ्यांचे पाणी, पहिल्या सरींनी कौले धुऊन गेल्यानंतर, स्वच्छ पिंपात साठवून त्यात मिसळता येते.

टाकी उंच असण्यापेक्षा तळाने ऐसपैस असावी, कारण हे मासे तळाशी राहतात आणि तळाचीच हद्द मानतात. तीन फूट लांबीच्या, शंभर-सव्वाशे लिटरांच्या टाकीत रॅमची एक जोडी, किंवा अपिस्टोग्रामाचा एक नर व दोन-तीन माद्या, एवढीच वस्ती असावी. दोन नरांना एकाच तळाची वहिवाट मान्य होत नाही. प्रत्येक मादीस स्वतंत्र आसरा हवा, आणि त्यासाठी कडेला खाच पाडलेली नारळाची करवंटी उत्तम. वरच्या थरात निऑनसारख्या शांत माशांचा दहा-बारांचा थवा सोडला म्हणजे, ते निर्धास्त पोहताना पाहून खालचे लाजरे सिक्लिडही आडोशाबाहेर येतात. तळाला नदीची बारीक, वारंवार धुतलेली वाळू घालावी, कारण ती तोंडात घेऊन चाळीत अन्न शोधणे हा ह्या माशांचा जन्मस्वभाव आहे. शिंपले मात्र घालू नयेत, त्यांचा चुना पाण्यात उतरतो. देशी बदामाची वाळून आपोआप गळलेली पाने टाकल्यास पाण्याला चहाचा फिका रंग चढतो, आणि दक्षिण अमेरिकेतल्या रानातील ओढ्यांचे पाणी बहुधा ह्याच रंगाचे असते.

ह्या साऱ्या व्यवस्थेनंतरही मासे लगेच आणू नयेत. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर पुष्कळच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू गाळणीत रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकी झाडांसह चालती ठेवून जीवाणूंपुरती अन्नाची किंचित चिमूट घालीत राहावे, आणि पुढे दर आठवड्यास एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश पाणी बदलावे.

आहाराविषयी आपल्याकडे प्रेमापोटी जो अतिरेक होतो तोच टाकीचा सर्वात मोठा शत्रू आहे. ह्या माशांचे तोंड लहान, आणि निसर्गात त्यांचे अन्न म्हणजे किड्यांच्या अळ्या व सूक्ष्म कवचधारी जीव; म्हणून तळाशी बुडणारे बारीक दाणे दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपतील इतकेच द्यावेत आणि आठवड्यातून एक दिवस उपवास घडवावा. डबक्यातल्या पाणपिसवा, मासे नसलेल्या निर्मळ जागेतून आणलेल्या असल्यास, उत्कृष्ट. गटारातून काढलेले ट्यूबिफेक्स किडे मात्र रोगाचे घर आहेत. पिलांना मिठाच्या पाण्यात दीड दिवसात उबवलेली आर्टेमियाची पिले द्यावीत. अपिस्टोग्रामाच्या अनेक जातींत वाढीच्या आरंभी पाणी जितके उष्ण तितके नर अधिक निपजतात, ही गोष्ट वैशाखात पिले वाढवणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

पिले अपेक्षेबाहेर वाढतात, आणि तेव्हा ती जवळच्या धरणात सोडण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. ज्या कुटुंबांच्या जमिनी डिंभ्याच्या जलाशयाखाली गेल्या त्यांतल्या आदिवासींनी त्याच पाण्यावर सहकारी तत्त्वाने मासेमारी उभी केली, आणि त्यांच्यात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ ह्या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. शिवाय धरणातले पाणी तेथेच थांबत नाही: कुकडी व मीना ह्या नद्या घोडला मिळतात, घोड भीमेला, आणि भीमा उजनी धरणात साठते. त्या उजनीत १९५२ साली भारतात आणलेल्या तिलापियाने, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या चिलापीने, केवढे बस्तान बसवले आहे हे तेथील कोणीही सांगेल, आणि चिलापीही सिक्लिडच आहे. रॅमसारखा नाजूक मासा तेथे कदाचित तगणार नाही, पण त्याच्यासोबत जाणारे परजीवी व रोग तगू शकतात. म्हणून वाचकांना विनंती आहे, की जास्तीची पिले दुसऱ्या शौकिनास द्यावीत किंवा दुकानात परत करावीत, परंतु टाकीतला एकही मासा ओढ्यात, नदीत वा धरणात सोडू नये.