लॅपटॉप जोडताच स्पीकर घरघरतोय? आधी चार्जर काढून पाहा!

महाड-पोलादपूर परिसरात गणेशोत्सव असो वा शिवजयंती, मंडपातली गाणी आता अनेक ठिकाणी लॅपटॉपवरून लागतात. पण गाण्याआधीच स्पीकर घरघरू लागतो. दर वेळी दोष स्पीकरचाच असतो असे नाही. कारण कसे शोधायचे, जाणून घेऊया.

चार्जर काढल्यावर घरघर थांबली?
मग ती विजेच्या लाइनमधून येते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो, तीच कंपने स्पीकरमधून ऐकू येतात. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर असतील, तर दोन्हींच्या अर्थिंगमधील फरकामुळे ऑडिओ केबलमधून थोडा करंट वाहतो. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. दोन्ही एकाच बोर्डवर लावा. तरीही आवाज आला, तर केबलमध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ जोडा.

बॅटरीवरही आवाज येतो?
ऑडिओ केबल बदला. हेडफोनमध्येही तडतड ऐकू आली, तर ऑडिओ ड्रायव्हर अपडेट करा आणि साउंड सेटिंगमधील इफेक्ट बंद करा.

ही चूक जिवावर बेतू शकते
घरघर थांबवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. आवाज थांबतो, पण बिघाड झाल्यास ॲम्प्लिफायरच्या बॉडीत करंट उतरतो. पावसात, ओल्या मंडपात धोका आणखी वाढतो. जुलै २०२१च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. पुराचे पाणी शिरलेल्या इमारतीतून मंडपाला वीज घेणार असाल, तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.