दूरचित्रवाणी परवाना, ब्रिटनमधील
दूरचित्रवाणी परवाना, ब्रिटनमधील : प्रसारण चालू असताना दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहण्यासाठी आवश्यक असलेला शासकीय परवाना. तो १९४६ मध्ये सुरू झाला. परवाना व्यक्तीला नव्हे, तर पत्त्याला दिला जातो; म्हणून सुटीतील दुसऱ्या घरी संच वापरण्यास निराळा परवाना लागतो. कायम उभ्या असलेल्या कॅराव्हॅनला मूळ घराचा परवाना पुरतो. मात्र दोन्हीकडे एकाच वेळी संच वापरता येत नाही. शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या विद्यार्थ्यास पालकांच्या परवान्याचा लाभ मिळतो, तो केवळ स्वतःच्या विद्युत् घटावर चालणाऱ्या उपकरणापुरताच. ते उपकरण भिंतीवरील विद्युत् पुरवठ्यास जोडून कार्यक्रम पाहिल्यास ही सवलत लागू होत नाही. विनापरवाना पाहणे हा गुन्हा असून त्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.