संधिवाताची टेस्ट करून घ्या ना!

धाहरानला येऊन आम्हाला एकोणीस वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, माझ्या मुक्कामाला आहे. सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही. कणीक मळायचं काम तेव्हापासून ह्यांच्याकडे. भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात, "हा एसीचा प्रताप!" तसं असतं तर अख्खं सौदी आखडून बसलं असतं. माझ्या आईने इंदापुरात एसी पाहिलासुद्धा नव्हता, तरी तिची बोटं वाकडी झालीच.

गेल्या महिन्यात लेकीसाठी पुण्याचं स्थळ आलं. सगळं जुळत आलं तेव्हा माझा आजार आम्ही आपणहून सांगितला. दोन दिवसांनी मुलाच्या आईंचा फोन. "ताई, आजीला होता, तुम्हाला आहे, म्हणजे घराण्यातच आहे. तुमच्या सौदीत लग्नाआधी रक्त तपासतात ना? मग मुलीची संधिवाताची टेस्टही करून घ्या ना!"

राग आला, खोटं कशाला बोलू? पण हा प्रश्न रात्री-अपरात्री मलाही पडायचाच. म्हणून डॉक्टरांना विचारलं, बरंच वाचलंही.

सौदी नागरिकांना 2004 पासून लग्नाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. आमच्या शेजारच्या कतीफ, अल-अहसा भागात सिकलसेल फार, जसा आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे. तिथे हिशेब सरळ असतो. जनुक एकच. आई-वडील दोघंही वाहक असले तर दर बाळामागे चारात एक शक्यता.

आमवाताचं तसं नाही. 1987 मध्ये पीटर ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की बऱ्याच रुग्णांत एचएलए-डीआरबी1 या जनुकाच्या प्रथिनात पाच अमिनो आम्लांचा सारखाच तुकडा दिसतो. आपलं कोण, परकं कोण हे प्रतिकारशक्तीला दाखवण्यात याच प्रथिनाचा हात असतो. पण हाच तुकडा अंगात घेऊन कितीतरी माणसं आयुष्यभर धडधाकट फिरतात. पुढे, 2014 पर्यंत, आमवाताशी नातं असलेल्या शंभरावर जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा वाटा बहुधा चिमूटभर. युरोपात नेहमी आढळणारा पीटीपीएन22 मधला बदल तर पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. आणि जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांत एकाला आमवात झाला, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण शंभरात पंधरा. मग टेस्ट कशाची करायची?

आमच्या इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला 1996 पासून पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. आमवात निघाला तो साधारण दोनशे प्रौढांत एकाला. आई किंवा वडिलांना असला तर धोका अंदाजे तिप्पट होतो. बायकांसाठी आणखी थोडा वाढवला तरी शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त मुली सुटतात. हे सगळं मी त्या बाईंना फोनवर सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. पुढचा निरोप अजून आलेला नाही. लेक म्हणते, "आई, फोनची वाट बघू नकोस." बघते मी, काय करणार!

वाचताना एका स्वीडिश अभ्यासापाशी मात्र मी अडखळले. त्या एचएलए तुकड्याच्या दोन्ही प्रती आणि वर सिगारेट, अशांना आमवाताच्या एका प्रकाराचा धोका, ज्यांना यातलं काहीच नाही त्यांच्या 21 पट निघाला होता. लेकीने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. तिचा भाऊ कॉलेजपासून ओढतो. तोही माझ्याच पोटचा, पण त्याच्याविषयी आजवर कुणी चौकशी केलेली नाही.

परवा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याला समोर बसवून हे सगळं वाचून दाखवलं. चिरंजीव ऐकून घेऊन म्हणाले, "मला स्थळ आलं की सोडतो." ह्यांनी कणकेचे हात न धुताच त्याच्या खिशातलं पाकीट काढून घेतलं.