घर झालं, पण रस्ता कोण करणार? १५० वर्षांपूर्वीच्या लंडनच्या उपनगरातला वाद

लंडनच्या दक्षिणेला असलेल्या कॅम्बरवेलची लोकसंख्या १८०१ मध्ये होती ७,०५९. शंभर वर्षांनी, १९०१ मध्ये ती २,५९,३३९ झाली. भाजीचे मळे गेले, तिथे घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पण घरासमोरचा रस्ता कोणी करायचा, आणि रोज कोणी झाडायचा?

बिल्डर निघून गेला, मग?

घरं बांधणारे बरेचसे छोटे बिल्डर होते. घरं उठली की ते पुढच्या प्लॉटकडे वळायचे. मागे राहायचा कच्चा रस्ता. पावसाळी दिवसांत त्यात गाड्यांची चाकं रुतायची.

१८५५ च्या कायद्यानं रस्ते, दिवे आणि सफाईची जबाबदारी 'व्हेस्ट्री'कडे दिली. व्हेस्ट्री म्हणजे करदात्यांनी निवडून दिलेली स्थानिक समिती, आजच्या नगरपालिकेसारखी. नव्या वस्तीतला रस्ता व्हेस्ट्रीनं पक्का करायचा, पण त्याचा खर्च त्या रस्त्यावरच्या घरमालकांकडून वसूल करायचा, असा नियम होता. म्हणजे घराचे पैसे मोजून झाले तरी रस्त्याचं बिल यायचं बाकी असायचं.

रस्ता पक्का, तरी चिखल का?

त्या काळी बरेच रस्ते 'मॅकॅडम' पद्धतीचे होते. फोडलेल्या खडीचे थर टाकायचे आणि ते दाबून घट्ट करायचे. यात डांबर नसायचं. घोड्यांच्या टापा आणि लोखंडी धावेची चाकं यांखाली खडीचा भुगा व्हायचा. ऊन पडलं की धूळ, पाऊस पडला की चिखल. धूळ बसवायला पाण्याच्या गाड्या फिरवायच्या, तर पाणी जास्त झालं की पुन्हा चिखल!

त्यात घोड्यांची लीद. एक घोडा दिवसाला साधारण १५ किलो लीद टाकतो. ती शेतकऱ्यांना खत म्हणून विकता यायची. पण खडीचा भुगा मिसळला की तिची किंमत उतरायची. शिवाय उपनगर वाढलं तसे मळेही लांब गेले आणि वाहतूक महाग झाली.

मग झाडायचं कोणी?

मुख्य रस्ता व्हेस्ट्रीचे कामगार साफ करायचे. घरासमोरचा फुटपाथ मात्र तिथे राहणाऱ्यानंच झाडायचा, असा कायदा होता. नाक्यावर गरीब मुलं आणि म्हातारी माणसं झाडू घेऊन उभी असायची. चिखलातून वाट करून द्यायची आणि चार पैसे मिळवायचे. चार्ल्स डिकन्सच्या 'ब्लीक हाऊस'मधला जो हा असाच मुलगा.

अखेर १८९१ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं फुटपाथसह सगळे रस्ते झाडणं हे स्थानिक संस्थेचं कर्तव्य ठरवलं.

आणि तो व्हायरल किस्सा?

"१८९४ मध्ये 'द टाइम्स'नं इशारा दिला होता की ५० वर्षांत लंडन नऊ फूट लिदेखाली गाडलं जाईल," अशी पोस्ट तुम्हीही वाचली असेल. पण त्या वर्षीच्या अंकांत अशी बातमीच सापडत नाही.

लीद मात्र खरी होती. ती उचलायला रोज माणसं लागायची, गाड्या लागायच्या. त्याचे पैसे कॅम्बरवेलकरांच्या करातूनच जायचे. रस्ता एकदाच बांधावा लागतो, झाडावा मात्र रोज लागतो.