गिधाडे कोठे गेली?

गिधाड दिसायला ओंगळ, पण त्याला निसर्गाचा सफाईवाला म्हणतात. गवत बैल खातो, मेलेला बैल गिधाड खाते. याला अन्नसाखळी म्हणतात. चित्रात बहुधा गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार एवढेच काढतात. मेलेले कोण खाणार ते राहूनच जाते.

आजोबा सांगतात, पूर्वी ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचे. घटकेत गिधाडं उतरायची अन् नुसती हाडं उरायची. आता तिथं कुत्री भांडतात, अन् घाण वास सुटतो.

१९९० नंतर आपल्या देशातली गिधाडे भराभर मेली. पांढऱ्या पाठीची तर हजारातले एखादेच उरले. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण छापले. दुखऱ्या गुरांना डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचत. ढोर लगेच मेले तर औषध मांसात राही. ते खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे, म्हणजे रक्त गाळणारे अवयव, बंद पडत. एका ढोरावर पुष्कळ गिधाडे जेवतात, म्हणून अशी थोडी ढोरे पुरली.

शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते. पाच जोड्या असल्या तरी फार तर पाचच पिल्ले!

२००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही. बैल लंगडला तर पालकांनी डॉक्टरांना ते विचारावे. माणसाचे इंजेक्शन बैलाला टोचू नये, त्यात डायक्लोफेनॅक असू शकते.